पहाटे चारचा आवाज

लॉस एंजलिस शहरात १९३० सालच्या जनगणनेत मेक्सिकन म्हणून नोंदवलेली माणसे सुमारे ९७ हजार होती. मेक्सिको देशाबाहेर मेक्सिकन माणसांची एवढी मोठी वस्ती त्या वेळी दुसऱ्या कोणत्याच शहरात नव्हती. ही माणसे संत्र्या-लिंबांच्या बागांत राबत, वीटभट्ट्यांवर राबत, रेल्वेचे रूळ टाकत, बंदरात ओझी वाहत. कामावर जायचे तर अंधारातच उठावे लागे. लॉस एंजलिसला लागूनच असलेल्या बरबँक गावातील केईएलडब्ल्यू या रेडिओ केंद्रावर पहाटे चार वाजता स्पॅनिश भाषेतला एक आवाज सुरू होई आणि सहापर्यंत चालू राही. गिटारीवर दोन-चार गाणी, मध्येच एखाद्या दुकानाची जाहिरात, मध्येच कुठे कामाला माणसे हवी आहेत त्याची खबर. तो आवाज पेद्रो गोन्सालेस यांचा होता.

आपल्याकडे हे नाव कोणाच्या कानावर असण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या लोकांत मात्र ते मोठे आहे. त्यांच्यावर १९८४ साली एक माहितीपट निघाला आणि १९८८ साली एक चित्रपट. त्यात मेक्सिकोचे प्रसिद्ध गायक ऑस्कर चावेस यांनी त्यांची भूमिका केली. सीमाभागातल्या मराठी माणसाने हे चरित्र वाचावे असे मला वाटते, कारण या माणसाने बंदूक उचलली म्हणून त्याच्यामागे सरकार लागले नाही, तो आपल्या भाषेत, आपल्या लोकांशी, मोठ्याने बोलला म्हणून लागले.

आधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. कॅलिफोर्निया हा मुळात मेक्सिकोचा मुलूख. १८४६ ते १८४८ या काळात अमेरिका आणि मेक्सिको यांचे युद्ध झाले. २ फेब्रुवारी १८४८ रोजी तह झाला आणि मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा प्रदेश अमेरिकेकडे गेला. तिथे राहणाऱ्या ऐंशी हजार ते एक लाख स्पॅनिश भाषकांची गावे होती तिथेच राहिली, सरकार तेवढे बदलले. १ नोव्हेंबर १९५६ नंतर बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला याचा अर्थ फोड करून सांगायला नको. तुलना फार ताणू नये, हेही खरे. तिथे युद्ध झाले, दोन देश होते. इथे एकाच देशातली दोन राज्ये आहेत आणि भांडण घटनेच्या चौकटीतले आहे.

पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियाची पहिली राज्यघटना १८४९ साली झाली. तीत सर्व कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत छापण्याचे कलम होते. तीस वर्षांनी, १८७९ साली, नवी घटना आली आणि ते कलम गेले. सरकारी कामकाज फक्त इंग्रजीत करण्याचे ठरले. आपल्याकडे भाषिक अल्पसंख्य १५ ते २० टक्के असतील तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे केंद्र सरकारच्या १९५६ च्या निवेदनात आहे. ते कलम कागदावरून गेलेले नाही. ते कागदावरच राहिले. दोहोंपैकी वाईट कोणते, हे वाचकांनी ठरवावे.

गोन्सालेस मात्र त्या जुन्या स्पॅनिश घराण्यांपैकी नव्हते. ते बाहेरून आलेले होते, आणि हे लपवण्याचे कारण नाही. त्यांचा जन्म १८९५ साली मेक्सिकोच्या उत्तरेकडील चिवावा राज्यात झाला. पोरवयातच ते तारेचे काम शिकले. कट्ट आणि कडकट्ट एवढ्या दोन आवाजांवर साऱ्या जगाची बातमी चालणारे ते दिवस. आपल्याकडेही तारखाते २०१३ सालापर्यंत होते, तार आली म्हटल्यावर घरात कशी शांतता पसरायची हे चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. १९१० साली मेक्सिकोत क्रांती पेटली. उत्तरेत पांचो व्हिया या बंडखोर सेनापतीचा जोर होता. त्याचे सैन्य आगगाड्यांतून हिंडे, आणि आगगाडीच्या रुळांना धरूनच तारा गेलेल्या. ज्याच्या हातात तार त्याच्या हातात लढाई, अशी स्थिती होती. तरुण गोन्सालेस व्हियाचे तारमास्तर झाले.

या काळातली एक हकीगत ते म्हातारपणी सांगत. शत्रूच्या हाती सापडून त्यांना गोळ्या घालण्यासाठी उभे केले असता शाळेतली मुले पुढे येऊन आडवी उभी राहिली आणि त्यांचा जीव वाचला. त्या मुलांपैकी एका मुलीशी, मारियाशी, पुढे त्यांचे लग्न झाले. हकीगत त्यांच्याच तोंडची आहे, तेव्हा ती त्यांच्या आठवणीच्या भरवशावर घ्यायची. मारिया मात्र पुढच्या साऱ्या कथेत पदोपदी दिसते.

व्हियाने १९२० साली शस्त्रे खाली ठेवली, १९२३ साली त्याचा खून झाला. त्याच्या पदरच्या माणसांना मेक्सिकोत फारसे भवितव्य उरले नाही. १९२० च्या दशकात गोन्सालेस कुटुंब सीमा ओलांडून लॉस एंजलिसला आले. तारमास्तराला तिथे कोण विचारतो? सॅन पेद्रो बंदरात ते हमाली करू लागले. काम करताना गाण्याची त्यांना सवय होती. त्या गळ्यामुळेच त्यांचे पाऊल रेडिओकडे वळले. प्रथम काम मिळाले ते स्पॅनिशमधून जाहिराती वाचण्याचे.

जाहिरातदारांचा हिशेब साधा होता. मजूर गरीब असला तरी कॉफी, पीठ, साबण, जोडे त्यालाही लागतात, आणि तो इंग्रजी वर्तमानपत्र वाचत नाही. रेडिओ केंद्रे इंग्रजी माणसांच्या मालकीची. संध्याकाळची वेळ महाग, कारण तेव्हा इंग्रजी घरे ऐकायला बसत. पहाटेची वेळ कोणालाच नको होती. ज्या वेळेला इंग्रजी गिऱ्हाईक झोपलेले, ती वेळ केंद्राच्या मालकाने स्वस्तात स्पॅनिश कार्यक्रमाला विकली. वास्तविक ही फेकून दिलेली वेळ होती. पण नेमका त्याच वेळी मेक्सिकन मजूर जागा होता, चुलीपाशी बसलेला होता, आणि त्याच्या घरात हप्त्यावर घेतलेला रेडिओ होता.

यात निसर्गानेही साथ दिली. मध्यम लहरींचे प्रक्षेपण दिवसा फार लांब जात नाही. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरांवर आपटून त्या लहरी शेकडो मैल दूर उतरतात. धारवाड केंद्र १९५० साली आणि सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. रात्री सुई फिरवताना कुठली कुठली दूरची केंद्रे खरखरत लागतात, हा अनुभव आपल्या पिढीला आहे. पहाटे चारला अंधार असतो, म्हणून गोन्सालेस यांचा आवाज लॉस एंजलिसपुरता राहिला नाही, तो थेट टेक्सासपर्यंत ऐकू जाई.

त्यांनी गाणाऱ्यांचा एक संच जमवला. हेसुस आणि व्हिक्टर हे सांचेस बंधू त्यात होते, फर्नांदो लिनारेस होते. संचाचे नाव लोस माद्रुगादोरेस, म्हणजे भल्या पहाटे उठणारी मंडळी. नाव गाणाऱ्यांचे, पण लागू पडत होते ऐकणाऱ्यांना. आजकाल तबकड्या लावून मधे मधे बोलणाऱ्या निवेदकाला डिस्क जॉकी म्हणतात. हा शब्द अमेरिकेत रूढ झाला १९३५ च्या सुमारास, तोवर गोन्सालेस तुरुंगात जाऊन पडले होते. त्यांच्या काळी निवेदकाने बोलायचे, जाहिरात वाचायची, आणि गळा असेल तर गायचेही. तबकड्या त्यांच्याही निघाल्या, १९३१ पासून. पण तबकडी मिनिटा-दोन मिनिटांची, फार तर तीन. पहाटेचे दोन तास ही वेगळीच गोष्ट होती.

ते गात ती गाणी बहुतांशी कोरिदो प्रकारची. कोरिदो म्हणजे आपला पोवाडाच म्हणा ना. घडलेली घटना, तारीख, गाव, माणसाचे नाव, अन्याय कोणी केला आणि कोण कसा मेला, हे सारे सोप्या चालीत बांधलेले. वर्तमानपत्र न वाचणाऱ्याचे वर्तमानपत्र. अण्णाभाऊ साठ्यांच्या मैनेच्या छकडीने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत जे काम केले, ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते. गोन्सालेस यांना हे मर्म कळले होते. गाणे झाले की ते बोलत. कुठल्या मुकादमाकडे काम आहे, कुठे मजुरी बुडवतात, कोणाच्या घरी मयत झाली आहे, कोणाला वर्गणी हवी आहे. परक्या शहरात आलेल्या, निरक्षर, बुजलेल्या माणसाला आपल्या भाषेतला एक आवाज रोज पहाटे सांगत होता की तू एकटा नाहीस.

इथवर सरकारचे काही बिघडत नव्हते. ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. लाखोंचे रोजगार गेले. मग कोणीतरी दोषी शोधावाच लागतो. मेक्सिकन आपल्या नोकऱ्या खातात, सरकारी मदत खातात, अशी ओरड सुरू झाली. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी लॉस एंजलिसच्या जुन्या चौकात, ला प्लासिता म्हणतात तिथे, भर दुपारी अधिकाऱ्यांनी वेढा घातला आणि सुमारे चारशे लोकांना अडकवून कागदपत्रे तपासली. सापडले थोडेच. पण धाक बसवायचा तो बसला. त्यानंतर मार्च महिन्यापासून मेक्सिकोकडे माणसे पाठवणाऱ्या खास आगगाड्या सुटू लागल्या. जाणाऱ्यांत अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकेचे नागरिक असलेली मुले मोठ्या संख्येने होती. जन्माने त्या देशाची असलेली माणसे केवळ घरची भाषा आणि आडनाव यावरून परकी ठरली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २००५ साली कायदा करून याबद्दल माफी मागितली. त्या कायद्यातच एकट्या कॅलिफोर्नियातून गेलेल्या नागरिकांचा आणि कायदेशीर रहिवाशांचा आकडा सुमारे चार लाख दिला आहे. माफी यायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

शिक्षक म्हणून इथे एक वेगळी हकीगत सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच १९३१ सालच्या जानेवारीत, सॅन दिएगोजवळच्या लेमन ग्रोव्ह गावात, मेक्सिकन घरांतल्या ७५ मुलांना मुख्याध्यापकांनी शाळेच्या दारातून परत पाठवले. त्यांच्यासाठी वेगळी इमारत बांधली होती. पालकांनी तिला गोठा म्हटले आणि एकही मूल तिथे धाडायचे नाही असे ठरवले. शेजाऱ्यापाजाऱ्यांची समिती झाली, वर्गणी निघाली, वकील दिला, आणि लिंबाच्या बागेत काम करणाऱ्या मजुरांनी खटला जिंकला. मुले पहिल्या शाळेत परत गेली. आपल्या घटनेतले ३५०-अ हे कलम, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्याचे, याच्या उलट टोकाचे आहे. तिथे मुलांना भाषेच्या नावाखाली वेगळे काढले, इथे भाषा मागितली तर मुलांना दुसऱ्या माध्यमाच्या वर्गात बसा म्हणतात. टोके दोन, पण मूल शाळेबाहेर राहिले की पालकांनाच समिती काढावी लागते, हे दोन्हीकडे सारखे.

गोन्सालेस पहाटेच्या कार्यक्रमात या हद्दपारीबद्दल उघड बोलू लागले. पोलिस कसे वागवतात, अर्धी मजुरी कोण कापतो, हेही बोलू लागले. आता मात्र तो आवाज बोचू लागला. अधिकाऱ्यांना स्पॅनिश येत नव्हते. आपल्या हद्दीत रोज पहाटे दोन तास, हजारो घरांत, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत कोणी काही सांगतो आहे आणि लोक ऐकत आहेत, याचीच अधिकाऱ्यांना अधिक धास्ती वाटली असावी. असे माझे मत आहे. लॉस एंजलिस परगण्याचे सरकारी वकील बुरॉन फिट्स यांनी त्यांचे प्रक्षेपण बंद पाडण्याचा प्रयत्न केला. केवळ त्यांचेच नव्हे, परभाषेतले प्रक्षेपण मुळातच असावे काय, असा प्रश्न त्या काळी उकरला गेला, आणि केंद्रांवरचे स्पॅनिशचे तास कमी होत गेले.

प्रक्षेपण बंद पाडता आले नाही. मग १९३४ साली गोन्सालेस यांच्यावर एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप आला. खटला चालला, दोषी ठरवले, एक ते पन्नास वर्षांची शिक्षा झाली. अशी मुदत ठेवलेल्या शिक्षेत कैदी किती वर्षे आत राहील हे पुढे अधिकारी मंडळ ठरवते. काही महिन्यांतच त्या मुलीने आपली साक्ष खोटी होती, आपल्यावर दबाव होता, असे प्रतिज्ञापत्रावर सांगितले. तरी न्यायालयाने खटला पुन्हा चालवला नाही. आरोप असा निवडला होता की बाजू घेणाऱ्यालाच खाली मान घालावी लागावी. राजकीय खटला भरला असता तर लोकांनी मिरवणूक काढली असती. योगायोग म्हणा, त्याच १९३४ साली फिट्स यांच्यावरही लाच आणि खोटी साक्ष यांबद्दल आरोपपत्र ठेवले गेले. ते १९३६ साली निर्दोष सुटले.

सॅन क्वेंटिनचा तुरुंग कॅलिफोर्नियात कुप्रसिद्ध. गोन्सालेस तिथे सहा वर्षे राहिले. बाहेर मारिया स्वस्थ बसली नाही. तिने वस्त्या-वस्त्यांतून बचाव समित्या उभ्या केल्या, निधी गोळा केला, मेक्सिकोच्या सरकारपर्यंत अर्ज नेले. मेक्सिकोकडूनही रदबदली झाली. पहाटे ऐकणाऱ्या मजुरांनी दिलेली ही वर्गणी होती. ज्यांना स्वतःला कधी गाडीत बसवतील याची शाश्वती नाही, अशांनी खिशात हात घालणे सोपे नसते. समितीचे काम केलेल्याला पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणे म्हणजे काय ते माहीत असते. शिवाय तिला मुलेबाळे सांभाळायची होती. चरित्रलेखक तिला चार ओळींत उरकतात, हे मला पटत नाही.

संच मात्र बंद पडला नाही. सांचेस बंधूंनी आणि नव्या गायकांनी माद्रुगादोरेस हे नाव चालू ठेवले, तबकड्याही निघत राहिल्या. माणूस आत गेला तरी पहाटेची सवय गेली नाही.

१९४० साली त्यांना पॅरोलवर सोडले आणि लगेच मेक्सिकोत हद्दपार केले. हद्दपारीविरुद्ध बोलणारा माणूस स्वतः हद्दपार झाला. ते कुठे लांब गेले नाहीत. सीमेला अगदी चिकटून असलेल्या तिहुआना शहरात त्यांनी बिऱ्हाड केले, तिथे पुन्हा रेडिओवर उभे राहिले, पुन्हा माद्रुगादोरेस जमवले. जवळजवळ तीस वर्षे ते तिथून बोलत राहिले. माणसाला पलीकडे जायला बंदी होती. लहरींना कोण अडवणार? आपल्याकडे १९५२ साली बाळकृष्ण केसकर या आपल्याच मराठी मंत्र्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांना दार लावले, तेव्हा श्रोत्यांनी सुई फिरवून सिलोन लावले होते. शेवटी सरकारलाच १९५७ साली विविध भारती काढावी लागली. सीमेपलीकडच्या केंद्रावरून घरची भाषा ऐकणे हा प्रकार दक्षिण कॅलिफोर्नियातही असाच मुरला. लॉस एंजलिसच्या केंद्रांवरचे कमी झालेले स्पॅनिशचे तास तिहुआनाच्या केंद्रांनी भरून काढले.

१९७० नंतर लवकरच त्यांना अमेरिकेत परत येण्याची परवानगी मिळाली आणि पती-पत्नी तिहुआनासमोरच्या सॅन इसिद्रोत राहायला आली. सॅन इसिद्रो म्हणजे अमेरिकेच्या बाजूचे शेवटचे गाव, घरातून मेक्सिकोचे दिवे दिसावेत एवढे जवळ. आयुष्यभर सीमेच्या दोन्ही बाजूंनी फिरून ते अखेर सीमेवरच थांबले. तिथल्या तरुण चित्रपटकारांनी त्यांना गाठले. पॉल एस्पिनोसा आणि इसाक आर्तेनस्टीन यांच्या माहितीपटात नव्वदीकडे झुकलेले गोन्सालेस आपली कथा आपणच सांगतात, शेजारी मारिया आहे. एस्पिनोसा यांनीच पुढे लेमन ग्रोव्हच्या शाळेवरही चित्रपट केला.

दोषमुक्तीचा निकाल त्यांना कधी मिळाला नाही. माफी मागणारा कायदा आला तेव्हा ते हयात नव्हते. १९८६ साली, ते जिवंत असताना, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी इंग्रजी हीच राज्याची राजभाषा असे कौलाने पुन्हा एकदा ठरवले. १९९८ साली शाळांतले द्विभाषिक शिक्षणही कौलानेच जवळजवळ बंद केले. ते बंधन उठवायला २०१६ साल उजाडले, तेही मतदानानेच.

पेद्रो गोन्सालेस मार्च १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील लोदी गावी वारले. शंभरी पुरी व्हायला काहीच आठवडे बाकी होते. माद्रुगादोरेसच्या १९३१ ते १९३७ या काळातल्या तबकड्या पुढे अरहूली या कंपनीने एकत्र करून काढल्या, त्या आजही ऐकायला मिळतात. गाणी त्यांत आहेत, गिटारही आहे. गाण्यांच्या मधले, चार ते सहाच्या दरम्यानचे बोलणे मात्र तबकडीवर घेण्याची त्या काळी रीत नव्हती.